खोडदच्या तबकड्या आणि दीर्घिकांचे भांडवल

संगमनेरहून पुण्याकडे निघालेली गाडी चंदनापुरीचा घाट चढते, घारगाव आणि बोटा मागे टाकते, आळेफाट्यावर नगर-कल्याण रस्ता ओलांडते आणि थोड्याच वेळात नारायणगावला पोहोचते. तेथून पूर्वेला आत वळले की खोडद गाव लागते. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात शेताशेतांमधून पांढरट रंगाच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०. चौदा तबकड्या मध्यभागी एकमेकींच्या जवळ आहेत आणि उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर पार २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ असे लांबलचक नाव असलेली ही दुर्बीण सर्वत्र ‘जीएमआरटी’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते.

एरवी या तबकड्यांची दखल येणारे-जाणारे एखादा फोटो काढण्यापुरतीच घेत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा विषय निघाला आणि चित्र पालटले. सुमारे २३५ किलोमीटरच्या या लोहमार्गाची मूळ आखणी चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी होती. गाडीच्या विद्युत यंत्रणेतून निघणाऱ्या रेडिओ लहरींनी निरीक्षणांत व्यत्यय येईल, असा आक्षेप दुर्बिणीच्या बाजूने घेण्यात आला. अखेर ती आखणी बाजूला पडून शिर्डी आणि अहिल्यानगर मार्गे जाणारा पर्याय पुढे आला. संगमनेर, अकोले आणि जुन्नर भागांत नाराजी उसळली. नगर शहरात मात्र अनेकांना आनंद झाला. एकाच जिल्ह्यात एकाच निर्णयाचे एकीकडे नुकसान आणि दुसरीकडे नफा असा जमाखर्च क्वचितच पाहायला मिळतो. संगमनेरच्या पेठेतील व्यापाऱ्याने मग सरळ प्रश्न विचारला, तर त्यात गैर काही नाही: या तबकड्या आकाशात असे काय शोधतात, की ज्यापायी दारातली रेल्वे परत फिरावी?

या प्रश्नाचे एक उत्तर पेढीवर बसणाऱ्याला सहज उमजेल असे आहे. या तबकड्या भांडवल मोजतात. ज्या पेढ्यांचे भांडवल मोजायचे, त्या मात्र पृथ्वीपासून कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर आहेत. एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने वर्षभरात कापलेले अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. त्या दूरच्या पेढ्यांना मराठी विज्ञानलेखनात ‘दीर्घिका’ म्हणतात.

सूर्य ज्या दीर्घिकेचा सभासद आहे ती आपली आकाशगंगा. तिचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षे, तिच्यातील ताऱ्यांची संख्या किमान दहा हजार कोटी. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे मुख्य बाजारपेठेत नव्हे, तर जरा बाहेरच्या वस्तीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व, अशी अनेक नामवंत खगोलशास्त्रज्ञांची खात्री होती. दुर्बिणीतून दिसणारे धूसर, चक्राकार ढग हे तिच्याच आतले वायूचे पुंजके असावेत, असे ते मानीत. १९२३ साली अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत एडविन हबल यांना देवयानी तारकासमूहातील अशाच एका धूसर ढगात ठरावीक लयीने तेज बदलणारा तारा सापडला. अशा ताऱ्याच्या लयीवरून त्याचे खरे तेज कळते आणि खऱ्या व दिसणाऱ्या तेजाच्या तुलनेतून अंतर कळते. अंतर काढल्यावर तो ढग आकाशगंगेच्या सीमेपार असल्याचे निश्चित झाले. आजच्या मापनाप्रमाणे ते अंतर २५ लाख प्रकाशवर्षे आहे. विश्वात आपल्यासारख्या इतरही पेढ्या आहेत हे त्या दिवसापासून मान्य करावे लागले.

हबल यांनी मग दीर्घिकांची रूपावरून प्रतवारी केली. १९२६ साली प्रसिद्ध झालेली ती प्रतवारी थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. पहिला प्रकार लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा. त्या कधी जवळजवळ गोल, तर कधी लांबट असतात. त्यांच्यात ना भुजा दिसतात ना ठळक नक्षी. दुसरा प्रकार सर्पिल दीर्घिकांचा: मध्यभागी फुगवटा, भोवती चपटी तबकडी आणि तबकडीत भोवऱ्यासारख्या वळत गेलेल्या भुजा. काही सर्पिलांच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक दांडा असतो आणि भुजा त्याच्या दोन टोकांपासून सुरू होतात. त्यांना दंडसर्पिल म्हणतात. आपली आकाशगंगा याच प्रकारची आहे. लंबवर्तुळाकार आणि सर्पिल यांच्या मधोमध मसुराच्या डाळीसारख्या दिसणाऱ्या दीर्घिका येतात. त्यांना तबकडी असते, पण भुजा नसतात. ज्यांना धड कोणतेच रूप नाही त्या अनियमित. दक्षिण आकाशात दिसणारे मॅगेलनचे दोन मेघ बहुधा या शेवटच्या गटात धरले जातात. हबल यांनी लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ‘आधीच्या’ आणि सर्पिलांना ‘नंतरच्या’ प्रकारच्या म्हटले होते. हे शब्द खगोलशास्त्रात आजही टिकून आहेत आणि नव्या विद्यार्थ्याची हमखास दिशाभूल करतात, कारण वास्तव बरेचसे उलटे आहे.

ते उलटे कसे, हे समजण्यासाठी भांडवलाकडे यावे लागते. तारा हायड्रोजन वायूपासून बनतो. ज्या दीर्घिकेत थंड हायड्रोजनचा साठा आहे, तिथे नवे तारे जन्माला येत राहतात. नव्या ताऱ्यांमधील सर्वांत वजनदार तारे निळसर आणि झळाळते असतात, पण अल्पायुषी. काही दशलक्ष वर्षांत ते संपतात. म्हणून जिथे निळा प्रकाश, तिथे कारखाना अजून चालू आहे असे समजावे. सर्पिल दीर्घिकांच्या भुजा निळसर दिसतात त्या याच कारणाने. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत थंड वायू नावापुरताच उरलेला असतो. तिथले तारे जुने, पिवळट-तांबूस आणि दीर्घायुषी. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर सर्पिल दीर्घिका म्हणजे गोदामात माल असलेली चालती पेढी, आणि लंबवर्तुळाकार म्हणजे जुन्या पुण्याईवर उभी असलेली, मोठ्या नावाची, पण नवी खरेदी बंद झालेली पेढी.

थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, परंतु तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी अत्यंत क्षीणपणे सोडत असतो. या लहरी टिपणे हे खोडदच्या तबकड्यांचे एक मोठे काम. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरवरून येणारी लहर वाटेत ताणली जाते. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली २१ सेंटिमीटरची लहर पृथ्वीवर पोहोचेपर्यंत दुपटीच्या आसपास लांबते. नेमकी अडचण इथेच आहे. ताणलेली ही लहर ज्या पट्ट्यात येते, त्याच्या आसपासच आजच्या मोबाइल सेवेच्याही काही लहरी असतात. शेजारी ढोल वाजत असताना दूरच्या खोलीतील कुजबुज ऐकण्याचा हा प्रयत्न होय. भोवतीचे डोंगर आणि त्या काळची शांत वस्ती पाहूनच खोडदची जागा निवडली गेली होती.

या कुजबुजीतून हाती काय आले, याचे एक उदाहरण २०२० सालचे आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांसह ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन मोजला. एकेका दीर्घिकेचा संकेत ऐकू येण्याइतका प्रबळ नव्हता. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सरासरी काढली. निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळच्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण तारे घडवण्याचा वेगही इतका होता, की बाहेरून नवा पुरवठा झाला नसता तर तो साठा शंभर ते दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. तेव्हापासून आजपर्यंत विश्वातील तारानिर्मितीचा वेग साधारण दहापट मंदावला आहे. तो का मंदावला, हा प्रश्न शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे सतावत होता. खर्च वाढता आणि आवक अपुरी, हे त्याचे उत्तर खोडदने दिले. बँकेत कर्जाचा अर्ज तपासणाऱ्याला या निदानात अनोखे काही वाटणार नाही. नवल आहे ते मोजणीचे.

भांडवलाइतकीच दीर्घिकेची दशा ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे संगत. दीर्घिका सहसा एकट्या राहत नाहीत. याचे कारण अंतरांच्या हिशेबात आहे. नगरच्या कापड बाजारात मोहरीचा एक दाणा ठेवला आणि तो सूर्य मानला, तर सर्वांत जवळच्या ताऱ्याची मोहरी शिरूरच्याही पुढे ठेवावी लागेल. मधली सारी वाट रिकामी. दीर्घिकांचे तसे नाही. आकाशगंगेला त्याच बाजारात एक फुटाची थाळी मानले, तर देवयानी दीर्घिकेची थाळी केवळ २५ फुटांवर येते. आकाराच्या मानाने दीर्घिका एकमेकींच्या इतक्या जवळ असल्याने त्यांची ओढाताण, टक्कर आणि विलीनीकरण ही नित्याची बाब आहे. दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या, तरी तारे मात्र एकमेकांवर आदळत नाहीत. शिरूरची मोहरी आणि नगरची मोहरी एकमेकींना लागणार कशा? हेलकावे बसतात ते वायूला. दोन तोलामोलाच्या सर्पिल दीर्घिका एकत्र आल्या की भुजा मोडतात, वायू झपाट्याने खर्ची पडतो आणि बहुधा एक लंबवर्तुळाकार दीर्घिका मागे उरते.

आकाशगंगा आणि देवयानी यांची अशी टक्कर सुमारे ४०० कोटी वर्षांनी निश्चित होणार, असे २०१२ पासून सांगितले जात होते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या गणिताने ती खात्री सैल केली. पुढील एक हजार कोटी वर्षांत विलीनीकरण होण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे, असे ते गणित सांगते. घाई करण्याचे तसे कारण नाही.

आकाशगंगा, देवयानी, त्रिकोण तारकासमूहातील सर्पिल दीर्घिका आणि इतर पन्नासांहून अधिक लहान दीर्घिका मिळून आपला ‘स्थानिक समूह’ होतो. हा लहान गावचा आठवडे बाजार म्हणावा. खरी पेठ पाहायची तर कन्या राशीकडे वळावे लागते. तिथे साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे थाळीच्या मापाने सुमारे साडेपाचशे फुटांवर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा गुच्छ आहे. त्याच्या मध्यभागी एम ८७ नावाची अवाढव्य लंबवर्तुळाकार दीर्घिका बसलेली आहे. २०१९ साली जगाने कृष्णविवराचे जे पहिले चित्र पाहिले, ते तिच्याच केंद्राचे.

अशा गुच्छांत एक विलक्षण नियम दिसतो. १९८० साली अ‍ॅलन ड्रेसलर यांनी ५५ गुच्छांतील हजारो दीर्घिकांची रूपे तपासली. विरळ वस्तीत सर्पिल दीर्घिकांचे प्राबल्य असते, तर गर्दीच्या मध्यभागी त्या दुर्मीळ होतात आणि लंबवर्तुळाकार व मसूराकार दीर्घिका त्यांची जागा घेतात, हे त्यांनी दाखवून दिले. कारण असे, की गुच्छाच्या मधल्या अवकाशात कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. एखादी सर्पिल दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटरच्या वेगाने त्यात शिरली, की समोरच्या वाऱ्याने तिचा थंड वायू मागे उडून जातो. काही दीर्घिकांच्या मागे अशा उडालेल्या वायूच्या लांब झिरमिळ्या दिसतात. जेलीफिशसारख्या दिसतात म्हणून त्यांना तेच नाव पडले आहे. भांडवल गेले की नवे तारे थांबतात, भुजा हळूहळू मावळतात. मोठ्या पेठेत दुकान टाकून भरभराट होईल अशा हिशेबाने आलेल्याला तिथल्या झळीनेच कोरडे करावे, असा हा प्रकार. म्हणूनच आकाशगंगा एका लहान समूहात, पेठेपासून दूर राहिली, हे सूर्याच्या दृष्टीने बरेच झाले म्हणायचे.

गुच्छांच्या अभ्यासातून ताळेबंदाचा एक जुना घोटाळाही पुढे आला, आणि तो अजून मिटलेला नाही. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती केश तारकासमूहातील गुच्छाचा हिशेब मांडला. तिथल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणे अशक्य होते. गुच्छ केव्हाच विखुरला पाहिजे होता. ज्याअर्थी तो टिकून आहे, त्याअर्थी तिथे न दिसणारे वस्तुमान असले पाहिजे, आणि तेही दिसणाऱ्याच्या शेकडो पट. पुढे मापने सुधारली. गुच्छातील तप्त वायू क्ष-किरणांच्या साहाय्याने सापडला. त्याचे वस्तुमान ताऱ्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक भरले आणि तफावतीचा काही भाग खात्यावर जमा झाला. उरलेली मोठी रक्कम मात्र नऊ दशकांनंतरही सस्पेन्स खात्यातच पडून आहे. तिला ‘कृष्णद्रव्य’ म्हणतात. आजच्या हिशेबाने विश्वाच्या एकूण ऊर्जा-वस्तुमानात ओळखीचे द्रव्य केवळ ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेली ६८ टक्के ‘कृष्णऊर्जा’, जी विश्वाचे प्रसरण अधिकाधिक वेगवान करते. ९५ टक्के नोंदींपुढे तपशील कोरा असलेली वही कोणत्याही लेखापरीक्षकाने परत पाठवली असती. शास्त्राचा प्रामाणिकपणा असा, की ती नोंद त्याने लपवलेली नाही.

गुच्छांचेही पुढे महागुच्छ होतात. विश्वाचा मोठा नकाशा काढला तर दीर्घिका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या आढळत नाहीत; त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या धाग्यांवर दाटलेल्या दिसतात. धागे जिथे एकमेकांना मिळतात तिथे गुच्छ, आणि धाग्यांच्या मध्ये प्रचंड पोकळ्या. भूतप तारकासमूहाच्या दिशेने १९८१ साली सापडलेली पोकळी तीस कोटी प्रकाशवर्षांहून अधिक रुंद आहे. आपला स्थानिक समूह ज्या महागुच्छात मोडतो त्याला ‘लानिआकेआ’ हे हवाई बेटांच्या भाषेतील नाव २०१४ साली देण्यात आले. त्याचा अर्थ ‘अफाट आकाश’.

जुलै २०१७ मध्ये अशा थोड्याशा महाकाय महागुच्छांच्या यादीत पुण्याने एक नाव घातले. प्राध्यापक जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली स्थापन झालेल्या ‘आयुका’ संस्थेतील जॉयदीप बागची, तेव्हाचे संचालक सोमक रायचौधुरी आणि प्रतीक दाभाडे, पुण्याच्याच आयसर संस्थेतील शिशिर सांख्यायन, तसेच जमशेदपूर आणि केरळातील तोडुपुळा येथील सहकारी यांनी मीन राशीच्या दिशेने एका विराट महागुच्छाचा शोध जाहीर केला. त्याला नाव दिले ‘सरस्वती’. त्याचे अंतर ४०० कोटी प्रकाशवर्षे, विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे. त्यात किमान ४३ गुच्छ व समूह. एकूण वस्तुमान अंदाजे दोन कोटी अब्ज सूर्यांइतके. कापड बाजारातील एक फुटाच्या थाळीच्या मापाने सरस्वती बारा किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ चांदबीबी महालाशी येते आणि तिचा पसारा पावणेदोन किलोमीटरचा होतो. सरस्वतीचा जो प्रकाश आज पोहोचतो, तो विश्वाचे वय एक हजार कोटी वर्षांच्या आसपास असतानाचा. इतक्या आधी इतके मोठे बांधकाम उभे राहिले कसे, हा प्रश्न त्या शोधाने विश्वरचनाशास्त्रापुढे ठेवला. कृष्णद्रव्य खेचत असते आणि कृष्णऊर्जा ताणत असते. या रस्सीखेचीत सरस्वतीसारख्या रचना केव्हा आणि किती प्रमाणात घडू शकल्या, याचा पडताळा सिद्धान्ताला द्यावा लागतो.

या मालिकेतील अगदी अलीकडची नोंदही पुण्याचीच आहे, आणि ती खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या केंद्रातूनच झाली. साधन मात्र वेगळे, अंतराळातील जेम्स वेब दुर्बिणीचे. संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांना तिच्या चित्रांत अशी एक दीर्घिका आढळली, की जिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय केवळ १५० कोटी वर्षे होते. आज ते सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. त्या बालवयातील विश्वात दीर्घिका वेड्यावाकड्या, गोंधळलेल्या असाव्यात, अशी शास्त्रज्ञांची सर्वसाधारण अपेक्षा. ही मात्र दोन रेखीव भुजा असलेली, सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे रुंद अशी परिपूर्ण सर्पिल दीर्घिका. वर्षाला साठेक सूर्य घडतील इतक्या वेगाने ती तारे निर्माण करत होती; आकाशगंगेचा आजचा वेग त्याच्या वीसेक पटींनी कमी आहे. तिचे नाव ‘अलकनंदा’. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी नदी, हा त्या नावामागचा विचार. अलकनंदा दिसली तीही एका गुच्छाच्या मेहेरबानीने. पृथ्वी आणि तिच्या मध्ये एबेल २७४४ नावाचा भारी वस्तुमानाचा गुच्छ आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पाठीमागचा प्रकाश भिंगासारखा वळून अलकनंदा सुमारे दुपटीने उजळ दिसते. त्या भिंगाचे बहुतांश वजन सस्पेन्स खात्यातील कृष्णद्रव्याचे आहे हे लक्षात घेतले, की न दिसणाऱ्या रकमेनेही व्यवहार कसे चालतात ते कळते.

संगमनेरच्या व्यापाऱ्याचा प्रश्न या साऱ्याने सुटतो असे नाही. ज्या तालुक्यांनी लोहमार्गाची वाट वर्षानुवर्षे पाहिली, त्यांना हायड्रोजनच्या कुजबुजीचे मोल सांगून गप्प करणे अन्यायाचे ठरेल. उलट, दुर्बीण हलवा म्हणणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की ४५ मीटरच्या तीस तबकड्या म्हणजे मोंढ्यातले गाळे नव्हेत. आणि देशात आज तशी शांत जागा नव्याने शोधणे सोपे राहिलेले नाही. तिढा तांत्रिक आहे, तसा तो भरपाईचाही आहे. संशोधनासाठी ज्या परिसराने शांतता राखली, उद्योगांवरील बंधने सोसली, त्या परिसराच्या पदरात मोबदला म्हणून काय पडले, हा हिशेब आजवर कोणी नीट मांडलेला नाही. तो मांडला गेला असता, तर कदाचित नाराजीचा सूर इतका चढला नसता. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि शाळाशाळांतून मुले तबकड्या पाहायला येतात. पेठेतील मंडळींनी त्या दिवशी दुकान नोकरांवर सोपवून एकदा तिथे जावे आणि आपला प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांनाच समक्ष विचारावा.

तोवर एक गोष्ट दुर्बिणीवाचूनही पाहता येते. दिवाळीच्या अमावास्येला चोपडापूजन आटोपले, की पुढच्या दोन-चार रात्री चंद्र नसतो किंवा लवकर मावळतो. अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर किंवा साम्रदच्या बाजूला, जिथे शहराचा उजेड पोहोचत नाही, तिथे रात्री आठ-नऊच्या सुमारास माथ्याजवळ पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. त्या ओळीच्या जरा वर कापसाच्या बोळ्यासारखा एक धूसर ठिपका आहे. तीच देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, आणि तिचे स्वरूप १९२३ पर्यंत कोणालाही खात्रीने ठाऊक नव्हते. त्याच चौकोनाच्या खाली, दक्षिणेकडे, मीन राशीतील मंद ताऱ्यांचे एक कडे आहे. सरस्वती त्याच दिशेला आहे. उघड्या डोळ्यांना तिथे फक्त काळोख दिसतो.